घोडदळातल्या सवाराची पत्रं मराठीत आणायची, तर कुठल्या मराठीत?

खलिता:
गेले चार महिने एका नादात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्याकडच्या घोडदळातल्या सवारांनी घरी लिहिलेली पत्रं वाचतोय. पत्रं म्हणजे खरं तर पत्रांच्या सावल्या. मूळ पत्रं उर्दूत, गुरुमुखीत, हिंदीत. ती फ्रान्समधल्या बुलोनच्या टपाल सेन्सॉरच्या कचेरीत उघडली जायची. तिथला प्रमुख कॅप्टन हॉवेल. तो आणि त्याची माणसं काही पत्रं निवडून त्यांचे उतारे इंग्रजीत करायची आणि अहवालाला जोडून वर पाठवायची. पत्रं पुढे ज्याच्या त्याच्या गावी गेली, आणि चुलीत, वाळवीत, पुरात बहुतेक संपली. उरले ते सेन्सॉरचे उतारे. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत, बरेचसे जालावरही बघता येतात.

यातली पंधरा-वीस पत्रं मला मराठीत करायची आहेत. घोडदळच का, तर हिंदी पायदळ १९१५ च्या शेवटी फ्रान्समधून मेसोपोटेमियाला गेलं, घोडदळ मात्र १९१८ उजाडेपर्यंत तिथेच होतं. तीन-साडेतीन वर्षं परमुलखात. त्यामुळे त्यांच्या पत्रांत लढाई कमी आणि संसार जास्त. जमिनीचा दावा, भावाचं लग्न, कर्ज, 'अमक्याला बढती मिळाली आणि मला नाही', फ्रेंच शेतकऱ्याची गुरं.

अडचण भाषेची आहे. इंग्रजीवरून सरळ मराठी केलं की सवार एक तर कचेरीतला कारकून वाटतो, नाही तर सिनेमातला गावकरी. एक नमुना देतो. हा सवाराचा नाही. जानेवारी १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या इस्पितळातून एका जखमी पंजाबी राजपुताने लिहिलेलं हे वाक्य आहे. त्याचं म्हणणं असं की हे युद्ध नव्हे, हा जगाचा शेवट आहे, आपल्या पूर्वजांचं महाभारतात सांगितलंय तसंच हे आहे. याचे मी तीन खर्डे केले:

१) हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे.
२) ही लढाई न्हवं, परळय हाय.
३) ही जंग नव्हे, जगबुडी आहे.

तिन्ही मलाच पटत नाहीत. तुम्ही काय कराल?

सदाशिव_पेठी:
पहिलं वाक्य वृत्तपत्राचा मथळा वाटतो. दुसरं वाचून हसू आलं, आणि तिथे हसू यायला नको होतं.

बोरूबहाद्दर:
तिसरं. पण 'जंग' काढा. मराठीत जंग लोखंडाला लागतो. 'लढाई नव्हे, जगबुडी आहे' एवढंच पुरे.

दुसरा खर्डा मात्र मुळातच चुकतोय. पंजाबी राजपुताला साताऱ्याच्या बोलीत का बोलायला लावायचं? त्याची बोली त्याच्या गावची, ती आपल्याकडे नाही. परक्या माणसाला आपल्या ग्रामीण बोलीत घातलं की तो आपोआप अडाणी होतो. अनुवाद करणाऱ्यांची ही फार जुनी खोड आहे (माझीही होती, जुन्या वह्यांत पुरावे आहेत).

साताऱ्याची_माई:
साताऱ्याच्या बोलीवरून एवढं नाक मुरडू नका हो.

पण मुद्दा बरोबर आहे, वेगळ्या कारणाने. ही पत्रं कोणी 'बोललेली' नाहीत, लिहवून घेतलेली आहेत. बहुतेक सवारांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला एखादा लिहिता माणूस समोर बसायचा, हा सांगायचा, तो लिहायचा. लिहिणारा स्वतःचा मायना घालणारच. माझ्या वडलांची पत्रं आठवतात. ते १९६२ मध्ये फौजेत होते. 'तीर्थरूप मातोश्रींचे सेवेशी बालकाचे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेमकुशल कळवीत जावे. पत्रास कारण की...' घरी 'आये, च्या टाक' म्हणणारा माणूस पत्रात असा! मायना संपला की मग एकदम 'म्हशीचं काय झालं?' पत्राची भाषा म्हणजे ही उडी. मायना पुस्तकी, पोट घरचं.

खलिता:
माई, हे फार कामाचं आहे. मूळ पत्रांतही आधी सलाम-दुवा, मग गावातल्या दहा जणांना नावानिशी सलाम, आणि मग मुद्दा. पण सेन्सॉरने उतारा काढताना मायना बहुतेक वेळा गाळलाय. त्याला त्यात रस नव्हता. त्यामुळे इंग्रजीत सवार एकदम मुद्द्यावर येतो आणि आपल्याला तो फटकळ वाटतो.

कोरडवाहू:
एका पत्राला किती हात लागले ते मोजा. सांगणारा सवार, लिहिणारा लेखनिक, पलटणीतला साहेब (तोही वाचायचा), बुलोनचा सेन्सॉर, इंग्रजी करणारा, गावचा पोस्टमन, आणि गावात मोठ्याने वाचून दाखवणारा मास्तर किंवा मौलवी. पाराखाली सगळा गाव ऐकायला. असल्या पत्रात बायकोला कोण काय लिहिणार? 'घरी सर्वांना नमस्कार' यातच तिने आपला वाटा समजून घ्यायचा.

आठवा हात खलिताचा.

नालबंद:
नववा हात माझा, कारण मी चुका काढणार आहे. :)

धाग्यात 'घोडदळ' एवढंच आलंय. पण हे घोडदळ कसं होतं ते कळल्याशिवाय पत्रांतलं कर्ज आणि जमीन कळणार नाही. १९१४ मध्ये हिंदी फौजेत ३९ रिसाले, म्हणजे घोडदळाच्या पलटणी, होते आणि मद्रासकडचे तीन सोडले तर जवळपास सगळे शिलेदारी पद्धतीचे. शब्द आपलाच आहे. मराठेशाहीत स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा वापरणारा तो बारगीर. इंग्रजांनी ही पद्धत उचलली. सवाराने घोडा, खोगीर, कपडे, तंबूचा वाटा हे स्वतःच्या पैशाने आणायचं किंवा भरती होताना त्याची रक्कम भरायची. बंदूक आणि काडतूस सरकारी. दोन सवारांत मिळून एक तट्टू आणि एक घासकाप्या. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर. पायदळातल्या शिपायाला महिना ११ रुपये, सवाराला त्याहून बरेच जास्त, पण त्यातून घोड्याची चंदी आणि सामानाची दुरुस्ती.

म्हणजे हा माणूस नुसता नोकर नाही, आपलं भांडवल घेऊन आलेला आहे. कुळकायद्याच्या आधीचा जमीनवाला शेतकरी, थोडी ऐपत असलेला. त्याची भाषा दीनवाणी करू नका. 'आम्ही गरीब शिपाई' हा सूर घोडदळात बसत नाही. त्याच्या बोलण्यात इज्जत, हक्क, हिशेब येतो. युरोपातल्या युद्धात ही पद्धत पार कोलमडली, कारण मेलेल्या घोड्यांच्या जागी फ्रान्समध्ये सवाराने घोडे आणायचे कुठून? युद्धानंतर ती मोडीतच काढली.

सदाशिव_पेठी:
म्हणजे रिक्षा स्वतःची की मालकाची, तसंच. शिलेदार रिक्षावाला आणि बारगीर रिक्षावाला.

नालबंद:
हसलो, पण अगदी तसंच.

अडकित्ता:
नेहमीप्रमाणे मीच वाईटपणा घेतो. हे लोक इंग्रजांच्या साम्राज्यासाठी, इंग्रजांच्या पगारावर, ज्यांच्याशी आपलं काही वैर नाही अशा जर्मनांना मारायला गेले. त्यांची पत्रं मराठीत आणून गहिवर काढायचा का? लंडनवाल्यांनी काढावा, त्यांचे होते ते.

कोरडवाहू:
लंडनवाल्यांचे नव्हते, बिकानेर-जोधपूर-रोहतक-लुधियान्याचे होते. ११ रुपयांसाठी गेलेल्या पायदळवाल्यावर रागवायचं तर आपल्याही गावात सापडतील. सातारा-रत्नागिरीकडे कित्येक गावांत अजून संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके जण १९१४–१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. मराठे पायदळात जास्त होते आणि त्यांची मोठी लढाई मेसोपोटेमियात झाली. सहावी पूना डिव्हिजन कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्या पाटीवर जाऊन सांगाल का, 'तुम्ही चुकलात' म्हणून?

अडकित्ता:
सांगणार नाही. पण हारही घालणार नाही.

खलिता:
अडकित्ता, गहिवर नकोच आहे. उलट ही पत्रं वाचली की 'राजनिष्ठ हिंदी शिपाई' हे चित्र टिकत नाही. राजासाठी मरू असं लिहिणारे आहेतच, आणि सेन्सॉर वाचतोय हे ठाऊक असल्यामुळे त्यातलं खरं किती हे सांगता येत नाही. पण त्याच पिशवीत 'भावाला भरती होऊ देऊ नका' असं आडून सांगणारीही आहेत. मधल्या काळात आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं निघत होती. ती सगळी एका सुरात कशी असतील?

आडून सांगण्याचा सगळ्यात गाजलेला नमुना मिरीचा. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, अशा धर्तीचं. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं हे उघड आहे, नाही तर आपल्यापर्यंत आलंच नसतं.

आणि इथेच मी अडलोय! हिंदी-उर्दूत दोन्ही 'मिर्च'. काली मिर्च, लाल मिर्च. एकाच शब्दाचे दोन रंग, म्हणून खूण चालते. मराठीत एक 'मिरी', दुसरी 'मिरची'. खूणच तुटते.

बोरूबहाद्दर:
अरे वा, हा खरा प्रश्न. 'काळी मिरची' कोणी म्हणत नाही. 'काळे मिरे, लाल मिरे'? लाल मिरे नसतात. भात घ्या, 'काळा तांदूळ, पांढरा तांदूळ'? मग सेन्सॉर सोडा, मराठी शाळेतला पोरगाही पकडेल.

साताऱ्याची_माई:
मीठ घ्या. काळं मीठ, पांढरं मीठ. 'काळं मीठ संपलं, आता पांढरं वापरतात.' घरातलं आहे, सहज आहे.

बोरूबहाद्दर:
माई, टोपी काढली. पण मूळ मिरी आहे ना, बदलायचं म्हणजे... तळटीप?

कोरडवाहू:
तळटीप नको. तळटिपेत विनोद मरतो, आणि खूण तर मरतेच मरते.

तिसरी_घंटा:
अभिवाचन करणार असाल तर मला सांगा. आमच्या ग्रुपला असं काहीतरी हवंच आहे. आणि अभिवाचनात 'काली मिर्च, लाल मिर्च' तसंच ठेवलं तरी चालतं, मराठी श्रोत्याला हिंदी कळते. छापताना मात्र माईंचं मीठ.

सदाशिव_पेठी:
अवांतर: पूना हॉर्स ही पुण्याची रेजिमेंट ना? त्यांची पत्रं मराठीत असतील की. मग अनुवाद कशाला?

नालबंद:
नाव पुण्याचं, माणसं मारवाडची. पूना हॉर्सची मुळं १८१७ मध्ये पेशव्यांबरोबरच्या तहाने उभ्या केलेल्या घोडदळात आहेत, हे खरं. पण महायुद्धापर्यंत तिच्यात राठोड राजपूत, कायमखानी आणि पंजाबी मुसलमान होते. इंग्रजांच्या 'लढवय्या जाती'च्या खुळात दक्षिणेतली भरती हळूहळू आटली. याच रेजिमेंटच्या लेफ्टनंट फ्रँक द पास याला नोव्हेंबर १९१४ मधल्या कामगिरीसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नंतरच्या काळातले परमवीरचक्रवाले तारापोर (१९६५) आणि खेत्रपाल (१९७१) हेही पूना हॉर्सचेच.

सदाशिव_पेठी:
म्हणजे पुण्यात पुणेकर सापडत नाहीत ही परंपरा तेव्हापासूनची.

थेम्सकाठी:
उशिरा आलो धाग्यावर. मी ब्रायटनजवळ राहतो. टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, १९२१ मध्ये उभारलेली. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन तिथे झालं. मुसलमान सैनिकांना वोकिंगला दफन केलं. ब्रायटनचा जुना राजवाडा १९१४ च्या डिसेंबरपासून हिंदी जखमींचं इस्पितळ होता आणि तिथे धर्म-जातीप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं होती. नऊ! आमच्या महाराष्ट्र मंडळात दिवाळीला दोनच असतात, तरी भांडणं होतात.

गेल्या जूनमध्ये वर गेलो होतो. वारा एवढा की टोपी उडाली. मेंढ्या चरत होत्या. एका दगडावर नावं कोरलीत, ती मोठ्याने वाचली. वाचणारा मी एकटाच, मेंढ्या सोडल्या तर.

अडकित्ता:
हे मात्र आवडलं.

रानजाई:
खलिता, प्रश्न विचारते. घोड्यांबद्दल काही येतं का हो पत्रांत? मी घोडी पाळते (तीन आहेत, चौथीचा विचार आहे, नवऱ्याला सांगू नका). तीन वर्षं फ्रान्सच्या चिखलात घोडं आणि माणूस, हे डोळ्यांपुढून हलत नाहीये.

खलिता:
येतं, पण आपण समजतो त्यापेक्षा कमी. घोडदळाचं मोठं दुःख हे की घोड्यावर बसून लढायची वेळच फारशी आली नाही. सेनापतींचा बेत असा की पायदळाने खंदकांची रांग फोडायची आणि त्या भगदाडातून घोडदळाने सुसाट जायचं. भगदाड काही पडेना. मग सवारांना उतरवून पाळीपाळीने खंदकात घालायचे, उरलेल्या दिवसांत खंदक खणायला. शिलेदाराच्या हातात फावडं.

नालबंद:
एक अपवाद सांगायलाच हवा. १४ जुलै १९१६, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत, संध्याकाळी, डेक्कन हॉर्स आणि इंग्रजांची सातवी ड्रॅगून गार्ड्स हाय वूड नावाच्या रानाच्या बाजूला उभ्या पिकातून भाले रोखून गेल्या. पिकात लपलेले जर्मन काही भाल्यांनी मेले, काही शरण आले. दुसऱ्या दिवशी जागा तशीच. रात्री परत बोलावून घेतलं. त्या दिवसाचा डेक्कन हॉर्सचा फोटो प्रसिद्ध आहे. दरीत घोडे धरून उभे राहिलेले सवार, डोक्याला फेटे.

आणि १ डिसेंबर १९१७, कांब्रे. लान्स दफादार गोविंद सिंग, राठोड. २८ वी लाइट कॅव्हलरी, तेव्हा दुसऱ्या लान्सर्सकडे जोडलेला. रिसाला वेढ्यात, ब्रिगेडकडे निरोप न्यायचा, दीड मैल उघडं रान, वरून तोफा-बंदुकांचा मारा. तो तीनदा गेला. तिन्ही वेळा घोडा खाली मेला, तिन्ही वेळा उरलेलं अंतर पायी पळत काढलं. व्हिक्टोरिया क्रॉस. गंमत म्हणजे त्याची २८ वी ही शिलेदारी नसलेल्या तिघांपैकी एक. मेलेल्या तीन घोड्यांचा हिशेब निदान त्याच्या डोक्यावर आला नाही.

रानजाई:
तीन घोडे. एका दिवसात.

मी आज यापुढे काही वाचणार नाही.

साताऱ्याची_माई:
रानजाई, चहा घे आणि ये परत. पुढे बरं काही येईल.

खलिता:
बरंही आहे. सवार फ्रेंच खेड्यांत लोकांच्या घरांत उतरायचे. कित्येकांनी लिहिलंय की घरातली म्हातारी आईसारखं करते, मुलं आघाडीवर असताना किंवा मेलेली असतानाही घर चालवते, परक्यांना कॉफी देते. शेतात बायका नांगर धरतात, मुली शाळेत जातात, हिशेब लिहितात. आणि मग तोच सवार घरी लिहितो, आपल्या मुलींना शिकवा. ज्या माणसाला स्वतःचं पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागतंय, तो हे सांगतोय.

यातली एक-दोन पत्रं तर मला लेखनिकाच्या तोंडाकडे बघत वाचावीशी वाटतात. त्याने लिहिताना काय विचार केला असेल?

तिसरी_घंटा:
हा प्रसंग मी घेतला. लेखनिक आणि सवार, दोन पात्रं, एक पेटी, एक मेणबत्ती. बस.

कोरडवाहू:
आणि मागे सेन्सॉर, कात्री घेऊन. बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

बोरूबहाद्दर:
सेन्सॉरबद्दल थोडा न्याय करू या. पत्रं सर्रास अडवून ठेवणं हा मुख्य हेतू नव्हता. हिंदी फौजेत बाहेरून राजद्रोही पत्रकं येतात का हे बघायला कचेरी सुरू झाली, आणि नंतर ती फौजेची नाडी बघायला वापरली. म्हणूनच उतारे निवडले गेले ते 'मनःस्थिती' दाखवणारे. म्हणजे आपल्याला ज्या पत्रांनी गलबलतं ती निवडणारा माणूस आपला वाचक नव्हता, हेर होता. अनुवाद करताना हे कुठेतरी दिसायला हवं. प्रस्तावनेत तरी.

एक आणखी. उतारे राहिले आणि मूळ पत्रं गेली म्हणून हळहळतोय आपण, पण एक चमत्कार आहे. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ छावणीत जर्मनांनी हिंदी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेत. डिसेंबर १९१६ मध्ये मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई बोलतो. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, तो इंग्रजांच्या लढाईत आला, जर्मनांनी धरला. स्वतःबद्दल 'तो' म्हणून बोलतो. परत जाईल तर तेच खायला मिळेल, म्हणतो. हे जालावर ऐकायला मिळतं. ऐका आणि मग ठरवा भाषा. त्यात अलंकार नाही, तक्रार नाही, लोणी आहे.

खलिता:
ऐकलं आत्ता. तीनदा. काल केलेले सगळे खर्डे खोडले.

पाणचक्की:
नमस्कार. मी इथे वाचनमात्र असते, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी औरंगाबादची. नालबंद यांनी डेक्कन हॉर्सचं लिहिलंय म्हणून राहवलं नाही. त्या रिसाल्यात शीख आणि जाट होते तसे दखनी मुसलमानही होते. माझ्या दादांचे (वडलांच्या वडलांचे) आजोबा त्यातले. फ्रान्सला गेले होते, परत आले, म्हणून मी आहे.

तुम्ही विचारताय सवार कुठल्या मराठीत बोलेल. आमचे बोलायचे ते दखनीत. दखनी म्हणजे शुद्ध उर्दू नाही. 'मत' ऐवजी 'नक्को' आणि जोर द्यायला 'च': 'मैं आताच', 'उनोंच बोले'. हा 'नक्को' आणि हा 'च' कुठून आले ते तुम्हाला सांगायला नको. लेखनिकाने पत्रात चांगली उर्दू लिहिली असेल, पण सांगणारा दखनीत सांगत होता.

पत्र आमच्याकडे एकच होतं म्हणे. पत्र्याच्या पेटीत होतं, वाळवीने खाल्लं. मोठ्या दादींना त्यातलं एक वाक्य पाठ होतं, कारण मौलवीसाहेबांनी वाचताना ते उर्दूतून परत दखनीत करून सांगितलं होतं. ते वाक्य घरात म्हणीसारखं झालंय. कोणी काही विकायला काढलं, जुनी सायकल असो की फ्रिज, की घरातलं कोणीतरी म्हणतंच: 'घोडी बेचो नक्को.'

लढाईला जाताना एक घोडी घरी ठेवली होती. घरात चणचण होती. ती विकू नका एवढंच सांगायला फ्रान्सहून पत्र.

रानजाई:
विकली का?

पाणचक्की:
नाही विकली. ते आले तेव्हा होती. म्हातारी झाली होती. त्यांना ओळखलं नाही असं म्हणतात, चंदी दिल्यावर ओळखलं.

रानजाई:
घोडं असंच असतं. आधी तोबरा, मग नातं.

सदाशिव_पेठी:
आज पहिल्यांदा मला टोमणा सुचत नाहीये.

बोरूबहाद्दर:
खलिता, तुमचं उत्तर मिळालं हो. 'घोडी बेचो नक्को', 'घोडी विकू नको'. नुसता एक शब्द बदलला. मराठवाड्यातल्या दखनी सवाराच्या तोंडी जी भाषा होती ती आपल्या मराठीच्या इतकी जवळ आहे की अनुवाद करायला जागाच नाही. पंजाबी राजपुताला दखनी करता येणार नाही हे खरं. पण सूर कुठला, साधेपणा किती, हे यावरून मोजता येईल.

नालबंद:
आणि इज्जत, हक्क, हिशेब तिन्ही त्या तीन शब्दांत. शिलेदाराचं भांडवल आहे ते घोडी म्हणजे. मी वर परिच्छेदभर लिहिलं, त्यांनी तीन शब्दांत उरकलं.

अडकित्ता:
पाणचक्की, लिहीत जा.

खलिता:
पाणचक्की, परवानगी असेल तर हे वाक्य संग्रहाच्या सुरुवातीला घेईन, तुमच्या घरचं म्हणून, नाव न देता.

आणि आता पुन्हा माझा मूळ रोग. 'घोडी विकू नको' की 'घोडी विकू नका'? दखनीत 'बेचो नक्को' दोन्हीला चालतं. मराठीत मला ठरवावंच लागेल. पत्र कोणाला होतं?

पाणचक्की:
परवानगी आहे. पत्र त्यांच्या अम्मीला होतं.

साताऱ्याची_माई:
मग 'नको'. आईला अहोजाहो कोण करतं? बापाला 'नका', आईला 'नको'.

पाणचक्की:
आमच्याकडे अम्मीला 'तुम'च म्हणतात, माई. 'तू' म्हटलं असतं तर मार खाल्ला असता, फ्रान्सहून परत आल्यावरसुद्धा.

खलिता:
म्हणजे 'नका'.

साताऱ्याची_माई:
'नका' लिहिलंत तर इथल्या वाचकाला वाटेल सासूला लिहिलंय.

सदाशिव_पेठी:
किंवा बँकेला.

कोरडवाहू:
'नक्को' तसंच ठेवा की राव. कळतंय सगळ्यांना.